खारफुटी राखण्याचं मोल पैशात मांडायचं तर हिशोब कसा लावावा?

ओहोटीकाठ (मूळ प्रश्न)

समजा, खाडीच्या मुखाशी सलग ४०० हेक्टर खारफुटी आहे. पुढे उथळ पाण्यात समुद्री गवताची कुरणं, आणि त्याही पुढे प्रवाळभिंत. खारफुटीचा समुद्राकडचा ६० हेक्टरचा पट्टा तोडून तिथे कोळंबीचे तलाव काढायचा प्रस्ताव आहे. अशा प्रस्तावात तलावांचा हेक्टरी नफा दोन दशांशांपर्यंत मांडलेला असतो आणि खारफुटीच्या रकान्यात ‘पर्यावरणीय महत्त्व’ एवढे दोन शब्द असतात. तो रकाना आकड्यांनी भरायचा आहे.

सोपा रस्ता असा दिसतो की जागतिक अभ्यासातला हेक्टरी सरासरी आकडा उचलायचा आणि ६० ने गुणायचं. हे चालेल का? चालत नसेल तर काय मोजायचं, कसं मोजायचं आणि कशाची बेरीज करायची नाही? डिस्काउंट रेट (पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मोल काढताना दरवर्षी कापायचा टक्का) किती धरावा? कार्बनचे पैसे यात घ्यावेत का? आणि ‘आत्ता तोडू, नंतर दुप्पट लावू’ या युक्तिवादाला हिशोबातून काय उत्तर देता येतं?

पाणकणीस

सरासरी गुणिले हेक्टर, हे पहिल्याच ओळीत सोडून द्या. १९९७ साली जगातल्या सगळ्या परिसंस्थांच्या सेवांचं मूल्य वर्षाला सुमारे ३३ लाख कोटी डॉलर काढलं गेलं. त्यातला ६३ टक्के वाटा समुद्राचा होता, आणि समुद्राच्या वाट्यातलाही निम्म्याहून अधिक भाग किनारपट्टीचा. लोकांचे डोळे उघडायला तो आकडा फार उपयोगी पडला. पण ६० हेक्टर तोडल्याने नेमकं काय बदलेल, याचं उत्तर त्यात नाही. निर्णयासाठी लागतो तो फरक: पट्टा असताना आणि पट्टा नसताना, त्याच वादळात, त्याच बाजारात, त्याच लोकांच्या पदरात काय पडतं, यातला फरक.

मांडणीचा नमुना म्हणून दक्षिण थायलंडमधला कोळंबी विरुद्ध खारफुटी हा हिशोब पाहा. १९९६ ते २००४ हा काळ, १० टक्के डिस्काउंट रेट, १९९६ चे डॉलर, सगळे आकडे हेक्टरी. तलाव काढणाऱ्याच्या नजरेतून नफा ९,६३२ डॉलर. त्यातली सरकारी अनुदानं वजा केली की उरतात १,२२०. तलाव सोडून दिल्यावर ती जागा पुन्हा खारफुटीखाली आणायचा खर्च ९,३१८, म्हणजे समाजाच्या बाजूने व्यवहार सरळ तोट्यात. दुसऱ्या बाजूला उभ्या खारफुटीचे लाकूडफाटा व वनोपज ५८४, मासळीची रोपवाटिका म्हणून ९८७ आणि वादळापासून संरक्षण १०,८२१, असे मिळून १२,३९२.

यातून दोन गोष्टी घ्या. एक म्हणजे खासगी हिशोब आणि सामाजिक हिशोब वेगवेगळ्या पानांवर मांडायचे. अनुदान हा तलाववाल्याचा नफा आहे, समाजाचा नाही. ते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे आहेत. म्हणूनच ९,६३२ चं आमिष खरं असतं आणि तोटाही तेवढाच खरा असतो. दुसरं, खारफुटीच्या मोलाचा बहुतेक भाग एकट्या वादळसंरक्षणात आहे. तो आकडा चुकला की सगळा डोलारा बसतो, म्हणून सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घ्या.

तिथली नेहमीची चूक म्हणजे ‘तेवढ्याच लांबीची काँक्रीटची भिंत बांधायला किती लागले असते’ हा खर्चच खारफुटीचं मूल्य म्हणून लावणं. असं करायला तीन अटी आहेत. भिंतीने तेवढंच संरक्षण मिळालं पाहिजे, तो सगळ्यात स्वस्त पर्याय असला पाहिजे, आणि खारफुटी गेली तर लोकांनी खरोखरच ती भिंत बांधली असती, असं दिसलं पाहिजे. तिसरी अट बहुधा पाळली जात नाही. ज्या किनाऱ्यावर कुणीच भिंत बांधणार नव्हतं, तिथे भिंतीची किंमत लावली तर आकडा कित्येक पटींनी फुगतो, आणि विरोधी बाजूचा अर्थतज्ज्ञ पहिल्या बैठकीत तो खोडतो. चांगलं प्रकरण अशा फुगवलेल्या आकड्यापायी हातचं जातं.

लाटभान

वादळसंरक्षणाबद्दल @पाणकणीस यांच्याशी सहमत. भिंतीच्या किमतीऐवजी टळलेलं अपेक्षित नुकसान मोजा. लागणारी सामग्री अशी: किनाऱ्यालगतची समुद्राची खोली, जमिनीचा उंचसखलपणा (भरतीरेषेजवळ अर्ध्या मीटरची चूक निकाल फिरवते, त्यामुळे उपग्रहाच्या ढोबळ नकाशावर विसंबू नका), घरं-रस्ते-शेतीची यादी, आणि पाणी किती चढलं की किती नुकसान होतं याचा वक्र. मग १०, २५, ५० आणि १०० वर्षांत सरासरी एकदा येणारी वादळं, प्रत्येक वादळ दोनदा चालवायचं: खारफुटीसह आणि तिच्याविना.

समजा टळलेलं नुकसान या चार वादळांसाठी अनुक्रमे २०, ६०, १०० आणि ९० एकक आलं. (शेवटचा आकडा कमी आहे, कारण फार मोठ्या वादळात पाणी झाडांवरून जातं आणि झाडंही मोडतात. तुमच्या मॉडेलमध्ये ही घट दिसतच नसेल तर मॉडेल तपासा.) या वादळांची किंवा याहून मोठ्या वादळांची वार्षिक शक्यता ०.१, ०.०४, ०.०२, ०.०१. आता वक्राखालचं क्षेत्रफळ काढायचं, म्हणजे शेजारच्या दोन शक्यतांमधला फरक गुणिले त्या दोन नुकसानांची सरासरी:

०.०६ × ४० = २.४
०.०२ × ८० = १.६
०.०१ × ९५ = ०.९५
१०० वर्षांपलीकडच्या वादळांसाठी ०.०१ × ९० = ०.९

एकूण वर्षाला ५.८५ एकक. दहा वर्षांखालच्या लहान वादळांत काहीच फरक पडत नाही असं इथे धरलंय, म्हणजे आकडा कमीच आहे, जास्त नाही. बरेच अहवाल थेट नुकसान गुणिले शक्यता करून चारही बेरजेत टाकतात. तसं केलं तर ७.३ येतात आणि ते चूक आहे, कारण ०.१ मध्ये पुढची तिन्ही वादळं आधीच धरलेली असतात.

लाटा आणि वादळाने चढणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नका. लाटांची उंची १०० मीटर खारफुटीत १३ ते ६६ टक्के कमी होते. चढलेलं पाणी मात्र दर किलोमीटरला ५ ते ५० सेंटिमीटरच उतरतं. अरुंद पट्टा लाटा अडवतो, चढलेलं पाणी अडवत नाही. तुमच्या नकाशात वस्ती आणि समुद्र यांच्यामध्ये पट्ट्याची रुंदी किती, हे हेक्टरपेक्षा महत्त्वाचं.

प्रत्यक्ष वादळानंतर केलेल्या मोजणीतून काय दिसतं? १९९९ च्या ओडिशा महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या ४०९ गावांचा अभ्यास झाला. इतर कारणं वेगळी काढूनही निष्कर्ष निघाला की खारफुटी नसती तर किनाऱ्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या गावांत गावागणिक सरासरी १.७२ माणसं अधिक दगावली असती. त्याच वादळानंतर भितरकनिका परिसरातल्या तीन गावांत कुटुंबामागचं नुकसान मोजलं गेलं. खारफुटीच्या आडोशाचं गाव ३३.३१ डॉलर, ना खारफुटी ना बांध असलेलं गाव ४४.०२, आणि खारफुटी नाही पण बांध आहे ते गाव १५३.७४. बांध असूनही सर्वाधिक, कारण बांध ओलांडून आत आलेल्या खाऱ्या पाण्याला परत जायला वाट नव्हती, ते शेतात तुंबून राहिलं. गावं तीनच आहेत, त्यामुळे याची सरासरी काढून दुसरीकडे लावू नका. पण ‘खारफुटीऐवजी बांध घालू’ असं कुणी म्हटलं तर निचऱ्याचा प्रश्न जरूर विचारा.

प्रवाळभिंत वेगळी मोजा. ती सरासरी ९७ टक्के लाटऊर्जा खाते, त्यातली बहुतेक तिच्या माथ्यावरच. म्हणून तिथे क्षेत्रफळापेक्षा माथ्याची उंची मोलाची. जगभरच्या एका हिशोबानुसार वरचा फक्त १ मीटर झिजला तरी वादळी पुराचं वार्षिक अपेक्षित नुकसान दुप्पट होतं. प्रवाळ मेला की उंची लगेच जात नाही, झीज वाढ थांबल्यावर वर्षानुवर्षं होत राहते. त्यामुळे आजच्या उंचीवर केलेला हिशोब उद्याचा तोटा दडवतो.

जाळंवीण

मासळीच्या रकान्यात दोन आकडे हमखास समोर येतील आणि गोंधळ होईल. वर थायलंडचे ९८७ डॉलर आहेत. कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या २००८ च्या अभ्यासात खारफुटीच्या काठाचं मध्यक मूल्य हेक्टरी, वर्षाला ३७,५०० डॉलर आहे. यातला कुठलाही खोटा नाही, दोघांनी वेगळं काहीतरी मोजलंय. पहिला नऊ वर्षांचं वर्तमान मूल्य आहे, निव्वळ आहे आणि संपूर्ण जंगलावर पसरलेला आहे. दुसरा दरवर्षीचा आहे, बंदरावर उतरलेल्या मासळीच्या किमतीवर आधारलेला आहे आणि फक्त पाण्याला लागून असलेल्या अरुंद काठाचा आहे, जिथे पिल्लं मुळांच्या जाळीत लपतात. ३७,५०० ला ६० ने गुणाल तर आतल्या कोरड्या भागालाही काठाचा भाव लावाल. तुमच्या पट्ट्यातली उपखाड्यांच्या काठांची लांबी मोजा, तीच खरी रोपवाटिका.

स्वतः मोजायचं असेल तर: खारफुटीच्या काठावर आणि तशाच पण उघड्या काठावर ठरावीक क्षेत्रात पिल्लांची संख्या मोजायची, सर्व ऋतूंत, भरतीच्या एकाच टप्प्यावर. फरक गुणिले मोठं होईपर्यंत जगण्याचं प्रमाण, गुणिले पकडीच्या वेळचं वजन, गुणिले पकडलं जाण्याचं प्रमाण. मग भाव, आणि त्यातून डिझेल, बर्फ, जाळी, मजुरी वजा. बहुतेकांचा आकडा इथेच फुगतो, कारण वजाबाकी राहून जाते.

याहून खोल अडचण अशी की मासेमारीला कुणाचीच आडकाठी नसेल, तर मासळी वाढली की होड्याही वाढतात आणि वाढलेला नफा इंधनात जिरतो. खारफुटी राखली, मासे वाढले, तरी कोळ्याच्या हाती काहीच उरलं नाही, असं प्रत्यक्षात होतं. मूल्य शून्य होत नाही, ते स्वस्त मासळीच्या रूपाने खाणाऱ्याकडे जातं. पण होड्यांवर किंवा पकडीवर मर्यादा असलेल्या ठिकाणचा आकडा मोकाट ठिकाणी लावता येत नाही. अधिवासाचं रक्षण आणि मासेमारीचं व्यवस्थापन एकत्र असेल तरच दोन्हींचं मोल वसूल होतं.

संरक्षित क्षेत्रांबद्दलही तेच. मेक्सिकोतल्या काबो पुल्मो इथे १९९५ मध्ये राखीव क्षेत्र झालं, आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं. ही वाढ सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका. २०१४ मध्ये ८७ संरक्षित क्षेत्रं तपासली गेली. यशाची पाच लक्षणं निघाली: मासेमारी पूर्ण बंद, कडक अंमलबजावणी, १० वर्षांहून जास्त वय, १०० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं क्षेत्र, आणि खोल पाण्याने किंवा वाळूने वेगळं पडलेलं. ज्या ५९ टक्के क्षेत्रांत यातली एक-दोनच लक्षणं होती, ती मासेमारी चालणाऱ्या जागांपेक्षा वेगळी दिसली नाहीत. म्हणून खर्चाच्या बाजूला गस्तीची होडी, इंधन, पगार, सीमेचे तरंगते बोये बदलणं हे सगळं दरवर्षी धरा, आणि पहिल्या काही वर्षांची बुडालेली पकडही. ही वर्षं कोळी कुटुंबांनी कशावर काढायची याची तरतूद हिशोबात नसेल, तर कागदावरचं संरक्षण रात्रीच्या जाळ्यांत संपतं.

ओहोटीकाठ

काठाची लांबी मोजायची गोष्ट डोक्यातच नव्हती, मनापासून आभार. आता कार्बन आणि डिस्काउंट रेट?

गाळसाठा

कार्बनमध्ये पहिली चूक साठा आणि प्रवाह एकच समजण्याची. हिंद-प्रशांत भागातल्या खारफुटीत सरासरी हेक्टरी १,०२३ टन कार्बन सापडला, त्यातला बहुतेक मातीत. ३.६७ ने गुणून सुमारे ३,७५४ टन कार्बन डायऑक्साइड. ही शतकानुशतकांची साठवण आहे. दरवर्षी नव्याने साठतं ते याचा अगदी लहान हिस्सा. तलाव खणले की वरच्या थरातला कार्बन हवेशी भिडून सुटतो, खालचा पाण्याखाली राहिला तर टिकतो. त्यामुळे सगळा साठा ‘वाचला’ असं लिहू नका. खोदाई जितकी खोल जाणार तितक्या खोलीचाच धरा.

गाळाचा नमुना नळीने काढताना दबतो, आणि ही चूक आकड्यात शिरते. १ मीटर माती, घनता ०.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, कार्बन ८ टक्के, तर हेक्टरी ४०० टन. पण १०० सेंटिमीटरचा गाळ नळीत दबून ८० झाला आणि ते लक्षात आलं नाही, तर घनता ०.६२५ दिसते आणि उत्तर ५०० टन येतं. पंचवीस टक्के हवेतले. नळी रोवल्यावर आतल्या गाळाची पातळी आणि बाहेरची पातळी यातलं अंतर दर वेळी मोजा, काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

पैशाचं म्हणाल तर दोन रकाने आहेत आणि त्यांची बेरीज करायची नाही. सामाजिक हिशोबात हवामानाचं टळलेलं नुकसान येतं. रोख हिशोबात कार्बन क्रेडिट (सुटू न दिलेल्या किंवा साठवलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र) विकून मिळणारे पैसे येतात, आणि तेही ‘संरक्षण नसतं तर हे जंगल खरंच तुटलं असतं’ हे सिद्ध झालं तरच. केनियातल्या गाझी उपसागरात ११७ हेक्टर खारफुटीवर २०१३ पासून असा प्रकल्प चालू आहे. वर्षाला साधारण ३,००० टनांचं क्रेडिट, आणि उत्पन्न गावाच्या पाणी-शाळेसारख्या कामांना. एवढ्या क्षेत्रात येणारी रक्कम मोठी नसते, पण ती गावात दिसते, म्हणून जंगल टिकतं.

डिस्काउंट रेट: तीस वर्षांनी मिळणारे १,००० आज १० टक्क्यांनी ५७ होतात, ३ टक्क्यांनी ४१२. तलावाची कमाई पहिल्या काही वर्षांत येते. मग रोगाने किंवा मातीच्या आम्लतेने तो बंद पडतो (खारफुटीच्या मातीतला लोह-गंधक उघडा पडला की गंधकाम्ल तयार होतं). जंगलाचा फायदा मात्र पुढे पसरलेला. त्यामुळे दर जितका चढा, तितकं पारडं तलावाकडे झुकतं. एक दर निवडून भांडू नका, दोन्ही दरांनी तक्ता द्या आणि कोणत्या दराला निकाल उलटतो तो दर ठळक लिहा. निर्णय घेणाऱ्याला तीच एक ओळ सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पाणकणीस

दुहेरी मोजणीवर एक भर. समुद्री गवत पिल्लांना खाऊ घालतं, पिल्लांची मासळी होते. गवताचं ‘खाद्यमूल्य’ आणि मासळीचं मूल्य दोन्ही लिहिलं की तोच पैसा दोनदा. फक्त शेवटी माणसाच्या हाती येणारी गोष्ट मोजा.

पर्यटनातही असंच. ग्रेट बॅरियर रीफची २०१७ मध्ये निघालेली दोन मूल्यं सगळे एकत्र फेकतात: मालमत्ता म्हणून ५,६०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आणि अर्थव्यवस्थेतली वार्षिक भर ६४० कोटी. ही वेगळ्या जातीची मापं आहेत, बेरीज होत नाही. पर्यटकाने खर्च केलेली सगळी रक्कम हेही मूल्य नव्हे. हॉटेल चालवायलाही खर्च लागतो, आणि तो पर्यटक इथे आला नसता तर दुसरीकडे गेला असता.

शिंपलारेघ

एवढ्या सगळ्यात एक प्रश्न राहतोय. ज्याने ती खाडी कधी पाहिली नाही, पाहणारही नाही, पण ती असावी असं ज्याला मनापासून वाटतं, त्याचं काय? ते मूल्य खरं आहे. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डीझ या तेलवाहू जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतर अमेरिकेत हेच विचारलं गेलं, आणि लोकांच्या उत्तरांवरून नुकसान २८० कोटी डॉलर निघालं. त्यानंतर १९९३ मध्ये तज्ज्ञ समितीने अशा सर्वेक्षणाचे नियम घालून दिले. ‘किती द्याल?’ असं मोकळं विचारू नका, ठरावीक रक्कम सांगून हो-नाही असं मतदानासारखं विचारा, आणि हे पैसे तुमच्या दुसऱ्या खर्चातून कमी होतील याची आठवण द्या. समोरासमोर, चाचणी घेऊन. घाईत केलेलं ऑनलाइन सर्वेक्षण न केलेलं बरं.

वेळ-पैसा नसेल तर हा रकाना मोकळा सोडा, पण शून्य लिहू नका. ‘मोजलेलं नाही’ असं लिहा. बेरजेत शून्य पडलं की वाचणारा ते खरंच शून्य समजतो, आणि हेच या किनाऱ्यांचं आजवर झालेलं नुकसान आहे.

लाटभान

‘नंतर दुप्पट लावू’ याचं उत्तर राहिलं होतं. किनारी पुनर्स्थापनेच्या प्रकल्पांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये झाला. लावलेल्यातलं जगण्याचं मध्यक प्रमाण खारफुटीत साधारण निम्मं, समुद्री गवतात ३८ टक्के, आणि खर्चाचं मध्यक हेक्टरी ८०,००० डॉलर (खारफुटी यात सगळ्यात स्वस्त, प्रवाळ सगळ्यात महाग). बहुतेक प्रकल्पांनी एक-दोन वर्षांपर्यंतच मोजलं, पुढचं कळत नाही. खारफुटीत अपयशाचं नेहमीचं कारण म्हणजे रोपं मोकळ्या चिखलपट्टीवर लावणं, कारण तिथे जागेवरून कुणी भांडत नाही. पण ती जागा सरासरी समुद्रपातळीच्या खाली असते, रोप दिवसाचे फार तास बुडून राहतं आणि मुळांना हवा मिळत नाही. खारफुटीची जागा सरासरी पातळी आणि उधाणाची वरची रेघ यांच्यामध्ये. सोडलेल्या तलावात बांध योग्य ठिकाणी फोडून जुन्या उपखाड्या मोकळ्या केल्या, तर आसपासच्या झाडांच्या बिया आपोआप येतात आणि लागवडीची गरजच पडत नाही. त्यासाठी आसपास झाडं उरलेली असावी लागतात.

म्हणून तक्त्यात पुनर्स्थापनेचा खर्च जगण्याच्या प्रमाणाने भागा. निम्मीच जगणार असतील तर एका हेक्टरसाठी दोन हेक्टरचा खर्च. झाडं मोठी होईपर्यंतच्या वर्षांतलं उघडं पडलेलं संरक्षण वेगळं मोजा.

ओहोटीकाठ

यावरून एक पर्याय सुचतोय. तलाव घ्यायचेच असतील तर समुद्राकडच्या पट्ट्याऐवजी जमिनीकडचे ६० हेक्टर घेतले तर? काठ वाचतो, लाटा अडतात, मासळीही राहते.

लाटभान

आजच्या समुद्रपातळीला हिशोब तुमच्या बाजूने झुकेल, कारण लाटा अडवण्याचं बहुतेक काम बाहेरच्या काही शे मीटरमध्ये होतं. पण पातळी वाढेल तशी खारफुटी जमिनीकडे सरकते. मागे तलावाचे बांध आले तर समोरून झिजत जाणारं जंगल मागे सरकू शकत नाही आणि तीस वर्षांत पट्टा अरुंद होतो. हा पर्याय तक्त्यात घ्या, पण रुंदी दर दहा वर्षांनी कमी करत वादळांचा हिशोब पुन्हा चालवा. त्याआधी तिथे गाळ वर्षाला किती मिलिमीटर साचतो ते मोजा. साचणं पातळीच्या वाढीइतकं असेल तर जंगल जागेवर उंच होत जाईल आणि तुमचा पर्याय तगेल, कमी असेल तर नाही.